मैत्रिणींचा आरामाचा दिवस: बडोद्यातला स्पा, वैद्यांकडचं अभ्यंग की गावाबाहेरचा रिसॉर्ट?

भिशीत स्पाचं ठरलं की पहिली चर्चा रंगते ती कुठला मसाज घ्यायचा यावर. तो प्रश्न नंतरचा. हा दिवस आखण्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर फोनवर आधी एवढंच विचारा: एका वेळी किती जणींना घेता?

समजा तुम्ही सहाजणी आणि तिथे खोल्या दोन. तासाचा मसाज, वर चादरी बदलायला पंधरा मिनिटं. तीन फेऱ्या म्हणजे पावणेचार तास. पहिलीची आंघोळ होऊन केससुद्धा वाळलेले असतात, आणि शेवटची अजून गुडघ्यावर पर्स ठेवून लिंबूपाण्याचा दुसरा ग्लास संपवत असते. कुठल्याही तेलापेक्षा हा हिशेब महत्त्वाचा, आणि पुढची सगळी तुलना मी त्याच मापाने करणार आहे.

अलकापुरी, रेसकोर्स, अकोटा या भागांतल्या हॉटेलांचे स्पा सोयीला सगळ्यांत सोपे. जिची ती स्कूटीवर येते, मुलं शाळेतून यायच्या आत घरी पोचते. अडचण खोल्यांचीच. त्यामुळे चारच्या पुढे ग्रुप असेल तर पोहण्याचा तलाव आणि स्टीम बाहेरून येणाऱ्यांना मिळते का, हे विचारून घ्या. मिळत असेल तर थांबणाऱ्यांचा वेळ मजेत जातो, नाही तर लॉबीत बसावं लागतं. तासात कपडे बदलणं आणि आंघोळ धरली आहे का, दरात जीएसटी आला का, तेही आधीच.

मेन्यूत गोंधळू नका. स्वीडिश म्हणजे तेल लावून हलक्या-मध्यम हाताचा मसाज. पहिल्यांदाच येणारीला तोच द्या. डीप टिश्यूत दाब जोराचा असतो, दुसऱ्या दिवशी अंग दुखू शकतं, त्यामुळे सोमवारी ऑफिस असलेलीने विचार करावा. थाई मसाज सैल कपडे घालून, गादीवर, बहुधा तेलाशिवाय होतो. अनोळखी माणसासमोर कपडे उतरवायला संकोचणारी एक तरी मैत्रीण प्रत्येक ग्रुपात असते. तिला हे आधी सांगितलंत तर ती ऐनवेळी 'माझं डोकं दुखतंय' म्हणणार नाही.

आयुर्वेदिक केंद्रात वातावरण वेगळं. आधी वैद्य विचारपूस करतात: बीपी, शुगर, झोप, पोट साफ होतं का, पाळी सुरू आहे का. मग कोमट तीळतेलाचं अभ्यंग. केरळ पद्धतीच्या ठिकाणी दोन थेरपिस्ट दोन्ही बाजूंनी एकाच लयीत हात चालवतात. त्यानंतर वाफेची पेटी, मान तेवढी बाहेर. शिरोधारेत कपाळावर तेलाची बारीक धार अर्धा-पाऊण तास चालते आणि बडबड्या मैत्रिणीही त्यात चक्क झोपतात. माझ्या मते निव्वळ आरामात हॉटेलचा स्पा याच्या जवळपासही येत नाही.

पण ग्रुपसाठी? शिरोधारेनंतर डोकं तेलाने चिंब, त्याच अवतारात सेवउसळ खायला कोण येणार? शिवाय एका बाईमागे दोन थेरपिस्ट म्हटल्यावर सहाजणींना रांग लावणं आलंच. दोघी-तिघी असाल तर हाच पर्याय घ्या. आणि वमन, विरेचन, बस्ती (म्हणजे उलटी, जुलाब, एनिमा देऊन पोट साफ करणं) ही वैद्याच्या देखरेखीखाली दिवसेंदिवस चालणारी चिकित्सा आहे. ती कुणी एका दिवसाच्या पॅकेजात देऊ करत असेल तर नम्रपणे फोन ठेवून द्या. खरंच दुखणं असेल तर पाणीगेटबाहेरच्या सरकारी आयुर्वेद रुग्णालयात केसपेपर काढावा. ते सहलीचं ठिकाण नाही.

सहा ते दहा जणी असाल तर मात्र शहर सोडा. हालोलवरून पावागढ, पुढे जांबुघोडा या पट्ट्यातले रिसॉर्ट मला सरस वाटतात. पावागढ ५० किलोमीटरच्या आसपास, जांबुघोडा त्याच्या पुढे. इथेही मसाजच्या खोल्या ढीगभर नसतात, पण वाट बघणं खुपत नाही: दोघी आत, दोघी पाण्यात, बाकीच्या झाडाखाली चहा घेत सासू-सुनांच्या गप्पांत. जेवण तिथलंच. मसाज आणि जेवणात दोनेक तासांचं अंतर हवं, हेही अशा निवांत दिवसात आपोआप सांभाळलं जातं.

दोन सूचना. पावागढच्या पायथ्याच्या चांपानेरमधल्या मशिदी सुंदरच आहेत, २००४पासून ते सगळं जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण 'आलोच आहोत तर' म्हणून त्या आणि वर कालिकामातेचं दर्शन त्याच दिवसात कोंबू नका. रविवारी पायथ्याशी जी गर्दी उसळते तिने मसाजचं सार्थक धुऊन निघतं. दुसरं, गाडीला ड्रायव्हर ठेवा. जी मैत्रीण जाता-येता स्टिअरिंग धरते तिचा खांदा संध्याकाळी पुन्हा होता तिथेच येतो.

स्वस्तातला पर्याय गोध्र्याजवळच्या टुव्याचा. गरम पाण्याची कुंडं, शेजारी-शेजारी असूनही कमी-जास्त तापलेली. लोक त्वचेच्या तक्रारींसाठी येतात, भीम-हिडिंबेची गोष्ट सांगतात. रांगेचा प्रश्नच नाही. पण हे देवस्थान आहे. अंगभर कपडे, घरचा टॉवेल आणि गर्दीत न्हाण्याची तयारी हवी. आईला, मावशीला घेऊन जायला छान. रोब आणि मंद संगीताची अपेक्षा ठेवणारीला नेऊ नका.

कुठेही जा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्हे, प्रत्येकीला वेगळं विचारा: गरोदर आहे का, बीपीची गोळी सुरू आहे का, पायात रक्ताची गाठ झाली होती का. गाठ असेल तर पायाचा मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. गरोदरपणात वाफ आणि गरम कुंड टाळायचं. मधुमेहात पाय बधिर असतील तर पाणी किती कडक आहे ते कळतच नाही, म्हणून कुंडात पाय घालण्याआधी हाताने, तोही दुसऱ्या कुणीतरी, पाणी बघावं. वाफेत दहा-पंधरा मिनिटं पुरे, वर भरपूर पाणी.

बडोद्याच्या मे महिन्यात वाफेच्या पेटीसाठी पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बाहेर फुकट मिळते. जांबुघोडा पावसाळ्यात आणि त्यानंतर हिरवं असतं, उन्हाळ्यात कोरडं. उत्तरायणानंतर पतंगाने आखडलेल्या माना आणि नवरात्रानंतर नऊ रात्री गरब्यात झिजलेले पाय, या दोन वेळांना अख्ख्या शहराला एकदमच मसाज आठवतो. शरद पौर्णिमेनंतरचा आठवडा हवा असेल तर बुकिंगचा फोन गणपतीतच करा, आणि अ‍ॅडव्हान्स देण्याआधी एकीने आयत्या वेळी नाही म्हटलं तर किती परत मिळतात ते मेसेजवर लिहून मागा.