न्यायाधीशांचा पगार: सभागृहाने ठरवावा की आयोगाने?

तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशाचा पगार राज्याच्या तिजोरीतून निघतो, आणि त्याच्यापुढच्या कित्येक खटल्यांत राज्य सरकारच पक्षकार असते. म्हणून पगार किती, याच्याआधी तो ठरवणार कोण, हे बघावे लागते.

सभागृहाचा मार्ग सरळ दिसतो: लोकांचा पैसा, लोकप्रतिनिधींचा निर्णय. पण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे उदाहरण बघा. त्यांचा ३,५०० रुपये पगार राज्यघटनेतच लिहिलेला होता आणि १९५० पासून १९८६ पर्यंत तो बदलला नाही. ५४व्या घटनादुरुस्तीने ८,००० केला, पुढची वाढ संसदेच्या कायद्यावर सोपवली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या न्यायाधीशांना १९९९ नंतर थेट २०१२ मध्ये वाढ मिळाली. आमदारांनी ती स्वतःच्या पगारवाढीशी बांधून ठेवली होती. न्यायाधीशाला मोर्चा काढता येत नाही, त्याची फाइल मागे पडते ती अशी.

आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी दुसरा मार्ग निघाला. न्यायाधीश म्हणजे सरकारी कर्मचारी नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये बजावले. मग त्यांच्या वेतनासाठी १९९६ चा शेट्टी आयोग आला, २०१७ चा रेड्डी आयोग आला. रेड्डी आयोगाने मूळ वेतन २.८१ पट करण्याची शिफारस केली, ती सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांचे २७,७०० चे ७७,८४० झाले. चांगली चाललेली वकिली सोडून कोणी या परीक्षेला बसावे असे वाटत असेल, तर एवढे हवेच.

आक्षेप दोन. न्यायाधीशांचे वेतन शेवटी न्यायाधीशच मंजूर करतात, म्हणजे वाढपी ओळखीचा, हा पहिला. तो खोटा नाही. पण मला दुसरा जास्त टोचतो: उशीर. वाढ लागू १ जानेवारी २०१६ पासून, तिला न्यायालयाची मंजुरी जुलै २०२२ मध्ये. त्यानंतरही भत्ते आणि थकबाकीसाठी राज्यांच्या मुख्य सचिवांना न्यायालयात बोलवावे लागले. निवृत्तांनी ही वर्षे कशी काढली असतील?

दोन्हींवरचा तोडगा न्यूयॉर्कनेच २०१० च्या कायद्याने काढला. सात जणांचा आयोग, त्यात राज्यपाल, सभागृहांचे नेते आणि मुख्य न्यायाधीश या सर्वांनी नेमलेली माणसे. शिफारस ठरलेल्या तारखेपर्यंत सभागृहाने फेटाळली नाही, तर तोच कायदा. निवड करायची झाली, तर मी हीच पद्धत मागेन. सभागृहाला नकार देता येतो, नुसते गप्प बसून अडवता येत नाही.