मुक्काम महेश्वरला की मांडूला? व्हॅनमधल्या फ्रिजचा हिशेब

व्हॅनसाठी फ्रिज घ्यायचा म्हटलं की जो तो आधी लिटर विचारतो. मी विचारेन, इंजिन बंद करून गाडी किती तास उभी असते आणि कुठे? गाडी पळत असते तोवर चांगल्या फ्रिजला काही अडचण नसते. खरी परीक्षा मुक्कामी.

‘कुठे’ एवढ्यासाठी, की आपल्याला इंदुरात मे महिन्यातही रात्री वारा सुटण्याची सवय असते. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक उगाच होत नाही. पण घाट उतरून महेश्वरला गेलात की निमाड, म्हणजे नर्मदेकाठचा सखल भाग, लागतो आणि उन्हाळ्यात तिथली रात्रही तापलेली असते. मांडू वर पठारावर. इंदूरहून दोन्ही ठिकाणं जवळपास सारख्याच अंतरावर, पण तोच फ्रिज महेश्वरला बॅटरी जास्त खाईल.

आधी बाद करायचं ते बाद करू. लायटर सॉकेटला लावायचे स्वस्त ‘मिनी फ्रिज’ बहुतेक पेल्टियर जातीचे असतात, म्हणजे कंप्रेसरशिवाय विजेच्या चकतीने गार करणारे. बाहेर जेवढं असेल त्याच्या 15 ते 20 अंश खाली, एवढीच त्यांची धाव. बाहेर 42 असेल तर आत 24च्या आसपास. एसीच्या खोलीत टेबलावर ठेवलेलं दूध किती टिकतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय बरेचसे न थांबता चालतात: 50 वॉट धरले तरी दिवसाला 1200 वॉट-तास. डिसेंबरात पाण्याच्या बाटल्यांना ठीक. उन्हाळ्यासाठी घेऊच नका.

गॅसवर चालणारे फ्रिज आवाज करत नाहीत, पण त्यांना गाडी सपाट उभी लागते आणि धूर बाहेर काढायची पक्की सोय लागते. कडक उन्हात ते दमतातही. आपल्याकडे दुरुस्तीला माणूस शोधत फिरावं लागेल. सोडून द्या.

आता खरी निवड: आइस बॉक्स की 12 व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज?

एका रात्रीपुरतं जाऊन येणाऱ्यांनी बॉक्सला कमी लेखू नये. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 93 वॉट-तासांची उष्णता ओढून घेतो. पाच किलो म्हणजे साडेचारशेच्या वर, आणि तेही वायर-बॅटरीशिवाय. मोठी लादी चुऱ्यापेक्षा सावकाश वितळते. मात्र बाजारातली लादी पिण्याच्या पाण्याची असेलच असं नाही, म्हणून मी घरीच बाटल्यांत पाणी गोठवून नेण्याच्या बाजूचा आहे. वितळलं तरी पाणी बाटलीतच राहतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी श्रीखंडाचा डबा पाण्यात तरंगतो, झाकण जरा सैल असलं की संपलं. सामान आदल्या रात्रीच गार करून भरा. कोमट डबे ठेवले तर निम्मा बर्फ त्यांच्यावरच खर्च होतो.

दोन रात्रींच्या पुढे, किंवा बरोबर कुणाचं इन्सुलिन असेल तर, कंप्रेसरच घ्या. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की वापरायचं नसतं. बॉक्समध्ये बर्फाला चिकटलेल्या पेनची खात्री कोण देणार? कंप्रेसरला तापमानाचा आकडा लावून देता येतो. तरी पेन आतल्या थंड भिंतीपासून लांबच ठेवा.

खर्च खरा वाढतो तो फ्रिजच्या मागे. चाळीसेक लिटरचा फ्रिज चालू असताना 45 वॉट घेतो आणि उन्हात निम्मा वेळ चालतो असं धरा. दिवसाला 540 वॉट-तास. 12 व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, म्हणजे सुमारे 1200 वॉट-तास, यावर दोन दिवस काढते. साध्या लेड-अ‍ॅसिडची निम्मीच वापरावी, म्हणजे एक दिवस. इंजिनच्या बॅटरीवर रात्रभर चालवाल, तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधा. सोलरची एक गंमत: गाडी सावलीत हवी, पॅनेल उन्हात हवं. छतावर ठोकण्यापेक्षा घडीचं पॅनेल लांब वायरने उन्हात मांडणं मला जास्त पटतं.

घरगुती छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवावा का? स्वस्त पडतो खरा. पण सुरू होताना तो कितीतरी पट झटका घेतो, म्हणून इन्व्हर्टर मोठा लागतो, आणि तो इन्व्हर्टर फ्रिज थांबलेला असतानाही थोडी वीज खात बसतो. खड्ड्यांसाठीही तो बनलेला नाही. गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी, विजेच्या बोर्डाशेजारी उभी असेल तरच विचार करा.

कंप्रेसर घेतलात, की दोन गोष्टी सुताराला आणि वायरमनला बजावून सांगा. प्लायच्या कपाटात फ्रिज घट्ट बसवू नका. फ्रिजच्या हवेच्या जाळीच्या बाजूला चार बोटं जागा आणि गरम हवेला वाट हवी, नाहीतर तो थांबतच नाही. आणि वायर. बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत चार मीटर धरा, जाऊन-येऊन आठ. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीत पाच अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरीवर 12.2 असतात, फ्रिजच्या आकड्यात 11.7 दिसतात, आणि बॅटरी शिल्लक असतानाच तो लो-व्होल्टेज दाखवून बंद पडतो. चार स्क्वेअर एमएमची वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळ फ्यूज लावून न्या. लायटर सॉकेटच्या भरवशावर राहू नका.