फसफसणाऱ्या ‘ऑक्सिजन’ गोळ्या घेऊ नका

मे महिन्यात गोव्यात, आमच्या डिचोलीत, वीज कधी जाईल याचा नेम नसतो. वळवाच्या वाऱ्याने कुठेतरी माडाचं झाप तारांवर पडलं की रात्र काळोखात, आणि फिश टँकचा एअर पंपही बंद. म्हापशातल्या एका दुकानदाराने नेमक्या याच भीतीवर आपला माल मला विकला.

“बाब, ही गोळी घाला. वीज नसली तरी बारा तास ऑक्सिजन.” असं म्हणत त्याने ग्लासातल्या पाण्यात गोळी टाकून दाखवली. पाणी फसफसून वर आलं. डबी साडेचारशेची. वर निळा मासा आणि ठळक अक्षरांत ‘ऑक्सिजन’. घटक, उत्पादकाचा पत्ता, तारीख काहीच नाही. बिल मागितलं तर ‘अ‍ॅक्वेरियम सामान’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी.

वीज गेली त्या रात्री त्याने सांगितल्या तेवढ्याच गोळ्या टाकल्या. पहाटे गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, कल्ले भराभर हलत होते. मोठे दोघे उजाडेपर्यंत गेले.

उरलेल्या गोळ्यांची परीक्षा शाळेतल्या पद्धतीने केली. बाटलीत थोडं पाणी, त्यात गोळ्या, आणि फेस बसल्यावर तोंडातून आत पेटती अगरबत्ती. ऑक्सिजन असता तर निखारा लखलखला असता. तो चटकन विझला. म्हणजे आत कार्बन डायऑक्साइड. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल एकत्र आलं की हाच वायू निघतो. पोटासाठी घेतो ती पूडही अशीच फसफसते. गुदमरणाऱ्या माशांना मी आणखी गुदमरवणारी वस्तू विकत घेऊन घातली होती!

खऱ्या गोळ्या नसतात असं नाही. सोडियम परकार्बोनेट पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, त्यातून ऑक्सिजन निघतो. पण तो तात्पुरता असतो आणि मात्रा जास्त झाली तर कल्ले भाजतात. रात्रभराची हमी देणाऱ्याकडून काही घेऊ नये.

पाण्यात ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभागातून शिरतो. पंपाच्या बुडबुड्यांचं मोठं काम पाणी ढवळून तळचं पाणी वर आणणं. त्यात आपला उकाडा. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांत साडेसातच. टँकमधली झाडंही रात्री ऑक्सिजन खातात, म्हणून पहाट सर्वांत वाईट. वीज गेली तर झाकण काढा, खाणं बंद ठेवा, आणि मगाने पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहा. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवला तर ही कसरत वाचते. नळीला चेक व्हॉल्व्ह मात्र लावा, नाहीतर पंप बंद पडल्यावर पाणी उलटं पंपात येतं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याकडे अशी डबी असेल तर फेकू नका, फोटो आणि चिठ्ठी जपून ठेवा. दुकानदार पैसे परत द्यायला तयार नाही. मासे ‘फंगसने’ गेले म्हणतो आणि बदल्यात एक औषध देऊ करतो. त्याच्या बाटलीवर फॉर्मॅलिन लिहिलं आहे. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड. २०१८ मध्ये बाजारातली मासळी टिकवायला ते वापरल्याच्या आरोपावरून गोंधळ झाला, तेव्हापासून हे नाव गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. टँकमध्ये ते घातलं की पाण्यातला ऑक्सिजन आणखी उतरतो, म्हणून पंप बंद असताना ते मुळीच घालू नका.