गवालिया टँक ते काँग्रेस हाऊस पायी फेरी : साडेतीन स्टार

रविवारी सकाळी साडेसातला गवालिया टँकवर हजर व्हायचं म्हणजे डोंबिवलीकरांनी पाचचा गजर लावायचा. पाचशे रुपये, साधारण अडीच तास, आम्ही अकराजण. विषय वेगळा होता म्हणून गेले: स्वातंत्र्यचळवळीतलं मुसलमानांचं प्रतिनिधित्व.

तेजपाल हॉलपाशी गुजराती नाटकांची पोस्टरं बघत सुरुवात. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन खरं तर पुण्याला व्हायचं, कॉलऱ्यामुळे इथे आलं. २८ डिसेंबर १८८५, प्रतिनिधी ७२, त्यात मुसलमान दोन. गाइड मुलगा इथे छान बोलला. दोनच वर्षांनी बद्रुद्दीन तय्यबजी मद्रासला अध्यक्ष झाले. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखाने विरोध असेल तो विषय चर्चेलाच घ्यायचा नाही, हा १८८८ चा नियम त्यांच्याच आग्रहातून आला. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा नियम मी कधी वर्गात सांगितला नव्हता.

कानात घालायला दिलेलं यंत्र मात्र नाना चौकात खरखरायला लागलं ते शेवटपर्यंत. तक्रार केल्यावर "बाई, जरा हलवून बघा."

खरी गडबड लखनौ कराराची, म्हणजे काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यातल्या समझोत्याची. प्रत्येकाला एक लॅमिनेटेड कार्ड दिलं होतं. त्यावर छापलंय की १९१६ मध्ये काँग्रेसने आणि लीगने स्वतंत्र मतदारसंघ 'सुरू केले'. चूक! मुसलमान प्रतिनिधी फक्त मुसलमान मतदारांनीच निवडायचे, हे मतदारसंघ १९०९ मध्ये ब्रिटिश सरकारने दिले होते, लखनौला काँग्रेसने फक्त मान्य केले, आणि त्यासाठी टिळक ठाम उभे होते. खालच्या तक्त्यात कुठल्या प्रांताच्या कायदेमंडळात मुसलमानांना किती जागा, ते आकडे बरोबर आहेत: पंजाब ५० टक्के, बंगाल ४०, संयुक्त प्रांत ३०, मुंबई एक तृतीयांश. पण शेजारी लोकसंख्येचा रकाना नाही, मग वाचणाऱ्याला कळणार काय? मुंबई इलाख्यात मुसलमान साधारण पाचवा हिस्सा, त्यांना जास्त मिळालं. बंगालमध्ये ते निम्म्याहून अधिक, तिथे कमी. सगळा सौदा या फरकात आहे. मी हे म्हटल्यावर मागच्या एका काकांनी "मग बंगालवाल्यांनी ऐकलं कसं?" असं विचारलं, आणि गाइड पाण्याची बाटली शोधायला लागला.

ऑगस्ट क्रांती मैदानावर मौलाना आझाद, समाजवादी नेते युसुफ मेहेरअली सगळे गोष्टीत आले. ८ ऑगस्ट १९४२ ला आझाद काँग्रेसचे अध्यक्ष होते, हे ठीक. पण जिनांनी दोनच वर्षांपूर्वी त्यांना 'शो बॉय', म्हणजे काँग्रेसचा नुसता दाखवायचा मुसलमान चेहरा, म्हटलं होतं, ते का, हे राहिलं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुसलमानांसाठी राखीव जागा ४८२. काँग्रेसने ५८ लढवल्या, २६ मिळाल्या. लीगलाही पाव भाग जागा मिळाल्या नव्हत्या. व्यासपीठावर कोण बसलंय आणि मतं कुणाला पडली, हे दोन वेगळे प्रश्न. फेरीत पहिलाच तेवढा येतो.

शेवट केनेडी ब्रिज ओलांडून काँग्रेस हाऊसच्या आवारात. तिथला पीजे हॉल म्हणजे पीपल्स जिना हॉल. १९१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विलिंग्डन याच्या गौरवसभेला जिनांनी विरोध केला, म्हणून मुंबईकरांनी वर्गणी काढून बांधलेला. दोन वर्षांनी नागपूरच्या अधिवेशनानंतर जिना काँग्रेस सोडून गेले. इथे मुलगा एकही तारीख चुकला नाही, घाईही केली नाही. एक स्टार फक्त या पंधरा मिनिटांचा.

चप्पल नको, बूट घाला. माझ्या कार्डावर मी पेनाने १९०९ लिहून दिलंय. गाइडने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.