अकूस्टिकला व्हॉल्यूम पेडल लावताय? २५ के घ्या आणि प्रीअँपच्या नंतर लावा

अर्नी बॉलचं व्हीपी ज्युनिअर इलेक्ट्रिक गिटारवाल्यांच्या बोर्डवर इतकं सर्रास दिसतं की अकूस्टिक वाजवणाऱ्यालाही व्हॉल्यूम पेडल घ्यायचं मनात आलं की आधी तेच आठवतं. त्यात काही चूक नाही, पेडल दणकट आहे, पण ते २५० के आणि २५ के (के म्हणजे किलोओहम, आत आवाज कमीजास्त करणारा जो फिरता रोधक, म्हणजे पॉट असतो त्याचा आकडा) अशा दोन प्रकारांत येतं आणि बहुतेक लोक जे बघतात ते २५० के असतं. मी २५ के वापरतोय, पिझो पिकअपची (कंपनाच्या दाबातून सिग्नल काढणाऱ्या) गिटार, मग प्रीअँप (पिकअपचा नाजूक सिग्नल पुढे द्यायच्या आधी सावरणारं सर्किट), मग हे पेडल आणि मग अँप, अशा क्रमाने. एका मित्राचं पिकअप बसवलेलं व्हायोलिन पण याच रांगेतून वाजवून झालंय. या जागेवर पेडल एकदम झकास चालतं. पिझो पिकअप आणि अँपच्या मधे थेट खुपसायचं असेल तर मात्र घेऊ नका, दोन्हीपैकी कुठलंच.

आता का ते सांगतो, थोडं किचकट आहे पण एकदा कळलं की कुठल्याही कंपनीचं पेडल निवडताना उपयोगी पडतं.

गिटारच्या सॅडलखाली (तारा जिच्यावर टेकतात तिच्याखाली) जी पट्टी असते किंवा व्हायोलिनच्या ब्रिजमधे जे पिकअप असतं ते बहुतेक वेळा पिझो असतं. हे प्रकरण विजेच्या भाषेत एका छोट्या कपॅसिटरसारखं वागतं. त्याला पुढे जो लोड मिळेल, म्हणजे अँपचा किंवा पेडलचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, ओहममधे मोजतात), त्याच्याबरोबर मिळून एक फिल्टर तयार होतो आणि तो बास कापतो. लोडचा ओहममधला आकडा जितका लहान तितका बास जास्त कापला जातो. समजा पिझोचं कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड आहे (साधारण या आसपासचे पिझो बरेच असतात, काही याहून कमीही). १० मेगाओहमचा प्रीअँप लावला तर कट सुरू होतो १६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गिटारच्या सगळ्या सुरांच्या खाली, काही बिघडत नाही. १ मेगाओहमच्या साध्या अँप इनपुटला लावला तर १६० हर्ट्झ, इथे थोडा पातळपणा जाणवायला लागतो. आणि मधे २५० के चं पेडल आलं की हाच आकडा जातो ६४० हर्ट्झच्या घरात, पुढे अँप जोडला की त्याचाही लोड त्यात मिळतो आणि आकडा अजून वर सरकतो. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा, तो यात १८ डीबीने खाली जातो. स्वर ओळखू येतो कारण वरचे हार्मोनिक्स शिल्लक असतात, पण लाकूड गेलं, पोट गेलं, उरतो तो नुसता टिणटिण आवाज. व्हायोलिनची जी तार १९६ हर्ट्झची, तिचाही मूळ स्वर १० डीबीपेक्षा जास्त खाली जातो, त्यामुळे व्हायोलिनला कुठे बास लागतो असं म्हणून सुटका नाही.

यात अजून एक गंमत म्हणजे पाय कुठे आहे याने फारसा फरक पडत नाही. पेडल पूर्ण दाबलेलं असलं तरी पिकअपला दिसणारा लोड २५० के च्या वर जातच नाही, म्हणजे पेडल फुल्ल उघडलंय तरी आवाज पातळच. मग माणूस अँपवर बासचा नॉब वाढवत बसतो आणि वरून फीडबॅक सुरू होतो. २५ के थेट पिझोला लावलं तर विचारूच नका, कट ६.४ किलोहर्ट्झला जातो, बोटं घासल्याचा आणि पिकचा टिकटिक आवाज तेवढा अँपमधून येईल.

हा पेडलचा दोष नाही हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. २५० के हे मॅग्नेटिक पिकअप (तारेचं कंपन चुंबकाने पकडणारं, इलेक्ट्रिक गिटारवर असतं ते) डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे आणि तिथे ते बरोबर बसतं. गोंधळ होतो तो पॅसिव्ह या शब्दावरून, पॅसिव्ह पिकअपसाठी २५० के आणि अॅक्टिव्हसाठी २५ के असा सरळ नियम सगळीकडे सांगितला जातो, आणि बॅटरी नसलेला पिझोही पॅसिव्हच, मग लोक साहजिकच २५० के उचलतात. पॅसिव्ह पिझोला खरंतर दोन्ही चालत नाहीत, त्याला आधी प्रीअँप किंवा निदान एक बफर (सिग्नल न बदलता त्याचा इम्पीडन्स कमी करणारं सर्किट) हवा. तुमच्या गिटारमधेच बॅटरीवाला प्रीअँप असेल, बाजूला व्हॉल्यूम टोनचे नॉब असतील, तर अर्धं काम झालेलं आहे, त्यातून निघणारा सिग्नल लो इम्पीडन्सचा असतो, थेट २५ के लावा. नसेल तर बाहेरचा घ्या. एल आर बॅग्जचा पॅरा अकूस्टिक डीआय किंवा फिशमनचा प्लॅटिनम प्रो ईक्यू, दोन्हीचा इनपुट १० मेगाओहमचा आहे आणि पिझोला तेच पाहिजे असतं. पिकअपपासून प्रीअँपपर्यंतची केबल आखूड ठेवा. मीटरला साधारण १०० पिकोफॅरड हे केबलचं कपॅसिटन्स धरा, पिझोच्या बाबतीत त्याने ट्रेबल जात नाही तर एकूण आवाजच थोडा बसतो, आणि पिझो लहान कपॅसिटन्सचा असला की जास्तच बसतो.

बरं आता पेडलकडे. अॅल्युमिनियमची बॉडी, पायाखाली खरखरीत पृष्ठभाग, तीन जॅक, इनपुट आउटपुट आणि ट्यूनर. बॅटरी नाही, अॅडॅप्टर नाही, त्यामुळे पेडलचा स्वतःचा हिस्स वगैरे काही नाही. चाल गुळगुळीत आहे आणि महत्त्वाचं म्हणजे जिथे सोडाल तिथे थांबतं, पाय काढला म्हणून आपोआप खाली सरकत नाही. गाण्याला साथ करताना मी ते दोन तृतीयांश उघडं ठेवतो आणि मधल्या तुकड्यासाठी पुढे दाबतो, पाय उचलून परत ठेवला तरी जागा सापडते. बसून वाजवणाऱ्यांनी एक बघावं, पेडल बऱ्यापैकी उंच आहे, खुर्चीत बसून टाच पूर्ण खाली न्यायची तर घोट्याला ताण येतो. पेडल जरा पुढे सरकवून ठेवलं की बरं पडतं.

आवाज वाढण्याची चढण मला सुरुवातीला जरा संथ वाटली, टाचेकडचा भाग बराच वेळ अगदी बारीक आवाजात जातो आणि मग पुढच्या टप्प्यात भराभर वाढतो. लॉग टेपर पॉट असंच वागतं आणि कानालाही तसंच हवं असतं, थोडा सराव झाला की त्याच बारीक भागात बारकावे काढता येतात.

ट्यूनरचा जॅक हे माझ्या मते या पेडलचं सगळ्यात कामाचं अंग. टाच खाली केली की अँप गप्प आणि ट्यूनरला मात्र सिग्नल चालूच, म्हणजे दोन गाण्यांच्या मधे तारा लावताना लोकांना ट्वँग ट्वँग ऐकवायची गरज नाही. २५० के पिकअपला थेट लावलं असेल तर ट्यूनरचा लोडही पिकअपवर येतो आणि टोन अजून मंद होतो असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं आणि ते खरंय, पण प्रीअँपनंतर २५ के असेल तर प्रीअँपकडे एवढी ताकद असते की फरक कळत नाही.

आत पॉट फिरवायला एक दोरी आहे. ती घासते आणि कधीतरी तुटते, तिचे बदली किट मिळतात आणि बदलता येते पण काम चिवट आहे, स्प्रिंग आणि पुलीभोवती वेटोळं बरोबर घ्यावं लागतं. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री करायचं काम नाही हे. डनलॉपच्या पेडलमधे दोरीऐवजी पट्टी असते, आणि लेलेचं मोनो व्हॉल्यूम तर पॉटच वापरत नाही, चुंबक आणि त्याची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरवर चालतं, त्यामुळे खरखर हा विषयच नाही, फक्त त्याला पॉवर लागते. पॉटवाल्या कुठल्याही पेडलमधे धूळ गेली की खरखर येणारच, क्लीनर मारून जाते. क्लीनर मारूनही जात नसेल तर मागच्या प्रीअँपमधून थोडा डीसी गळतोय का ते तपासून घ्या, नवीन पेडल घेण्याआधी.

आता हे वापरायचं कशासाठी, कारण इलेक्ट्रिकवाल्यांचं बघून अपेक्षा धरली तर हिरमोड होईल. व्हायोलिनसारखा फुलत जाणारा स्वर, म्हणजे तार छेडायची आणि पायाने हळूच आवाज उघडायचा, हे अकूस्टिक गिटारवर अर्धवटच जमतं. एक तर सूर लवकर विरतो, पेडल उघडेपर्यंत निम्मा गेलेला असतो. दुसरं, छोट्या खोलीत गिटारचा स्वतःचा आवाज लोकांना ऐकू येतच असतो, टाच खाली असली तरी पिकचा टच लपत नाही. मोठ्या जागेत, स्पीकरचाच आवाज पोचतो अशा ठिकाणी, आणि पेडलच्या नंतर रिव्हर्ब ठेवलं असेल तर छान होतं ते. रिव्हर्ब पेडलच्या आधी ठेवलं तर टाच खाली केली की शेपूटसकट सगळं कापलं जातं, कधी कधी तेही हवं असतं म्हणा. कंप्रेसर असेल तर तो पेडलच्या आधी ठेवा, नाहीतर तुम्ही पायाने जे कमी करताय ते तो परत वर उचलत बसतो.

खरा फायदा साधा आहे, साथ आणि सोलो यातला फरक राखता येतो आणि फीडबॅक सुरू झाला की वाकून नॉब शोधायच्या आत टाच खाली जाते. व्हायोलिनवाल्याला तर दोन्ही हात गुंतलेले, त्याच्यासाठी पायाला पर्यायच नाही.

जोडणीत एक ठिकाण मात्र नक्की बघा. प्रीअँप डीआयची (डीआय म्हणजे सिग्नल मिक्सरला देणारा बॉक्स) एक्सएलआर, म्हणजे माइकसारख्या जॅकची केबल मिक्सरला गेली असेल आणि पेडल त्याच डीआयच्या साध्या जॅकमधून अँपकडे जाणाऱ्या वाटेवर असेल, तर पायाने फक्त तुमच्या शेजारचा अँप कमी होतो, हॉलमधल्या स्पीकरला काही पत्ताच नाही. तुम्ही टाच खाली करून निवांत ट्यूनिंग करताय आणि लोक ऐकतायत. प्रीअँपला इन्सर्ट किंवा लूप (सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायची जागा) असेल तर पेडल तिथे घाला, नसेल तर प्रीअँप, पेडल आणि त्याच्यानंतर वेगळा डीआय बॉक्स असा क्रम लावा. अँपच्या मागच्या लूपमधे घालायचं असेल तर तो सिरीज आहे का पॅरलल ते मॅन्युअलमधे बघून घ्या. पॅरलल लूपमधे मूळ सिग्नल बाजूने जातच राहतो, पेडल शून्यावर नेलं तरी आवाज बंद होणार नाही.

पर्यायांत बॉसच्या एफव्ही ५०० चा विचार नक्की करा, एच हाय इम्पीडन्ससाठी मोनो आणि एल लो इम्पीडन्ससाठी स्टिरिओ, म्हणजे प्रीअँपनंतर लावायला एल. त्याला मिनिमम व्हॉल्यूमचा नॉब आहे, टाच पूर्ण खाली गेली तरी आवाज किती उरावा ते ठरवता येतं, साथीला हे फार सोयीचं, व्हीपी ज्युनिअरमधे ही सोय नाही. शिवाय एक्स्प्रेशन पेडल (दुसऱ्या यंत्राची एखादी सेटिंग पायाने बदलणारं) म्हणूनही चालतं. आकाराने थोराड आहे, बोर्डवर जागा खातं. गिटारमधे दोन पिकअप असतील आणि दोन्ही शेवटपर्यंत वेगळी न्यायची असतील तर एलच बघा, मोनो पेडल त्या कामाचं नाही.

आणि साउंडहोलमधे बसणारं पॅसिव्ह मॅग्नेटिक पिकअप असेल तर वर लिहिलेलं बरंचसं उलटं होतं, तिथे २५० के थेट लावा, चालतं. फक्त पेडलच्या पुढची केबल लांब घेऊ नका, मधल्या पोझिशनला ५ मीटरची केबलसुद्धा ५ किलोहर्ट्झच्या वरचं खायला लागते.