अपडेट आपोआप संपलं, ‘व्हायरस काढल्याचे’ साडेसहा हजार गेले

बाबांचा लॅपटॉप जुना, त्यात फिरणाऱ्या तबकडीची संथ हार्ड डिस्क. विंडोजचं मोठं अपडेट आलं की त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो. त्या दुपारी त्यांनी टास्क मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपवर काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला तर सगळ्यात वर ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, आणि सीपीयू, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, जवळजवळ पूर्ण कामात गुंतलेला. नाव अनोळखी वाटलं म्हणून त्यांनी ते नेटवर शोधलं. पहिल्याच निकालात हेल्पलाइनचा नंबर होता. शेजारी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, पण पंखा ओरडत असताना ते वाचतो कोण!

मी पोहोचेपर्यंत व्यवहार आटोपला होता. पुढचं सगळं बाबांनी सांगितलेलं आणि लॅपटॉपवर उरलेल्या खुणांवरून जुळवलेलं.

पलीकडचा माणूस हिंदीत, फार अदबीने बोलत होता. ‘आप चिंता मत कीजिए सर, मैं मायक्रोसॉफ्ट से हूँ.’ पुरावा म्हणून त्याने बाबांना एक नंबर लिहून घ्यायला सांगितला. वीजबिलाच्या मागे बाबांच्या अक्षरात तो अजून आहे: ट्रिपल एट, डी, सी, ए, सिक्स, झीरो... असा लांबलचक. मग कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडून ‘असॉक’ (कोणत्या प्रकारची फाइल कशाशी जोडलेली आहे त्याची यादी दाखवणारी कमांड) द्यायला लावली. भराभर ओळी सरकल्या आणि यादीच्या शेवटाकडे हुबेहूब तोच नंबर! ‘हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर, आमच्याशिवाय कुणाकडे असेल?’ बाबांचा विश्वास बसला तो इथेच. मी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तीच कमांड देऊन पाहिली. अक्षर न् अक्षर तेच. तो लायसन्स नंबर नाहीच. ‘सेंड टू’ मेनूतल्या झिप फोल्डरची ती विंडोजची अंतर्गत ओळख आहे, आणि ती सगळ्या विंडोज मशिनवर सारखीच असते.

एकदा स्क्रीन ताब्यात देणारं ॲप बसल्यावर बाकीचं सोपं होतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून त्याने लाल-पिवळ्या खुणांची रांग दाखवली. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. धडधाकट मशिनवरही अशा शेकडो नोंदी सापडतात. मग ‘नेटस्टॅट’ (चालू नेट-जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड) देऊन ‘फॉरेन ॲड्रेस’ या रकान्यावर बोट: परदेशातले हॅकर जोडलेले आहेत म्हणे. वेबसाइट उघडली की तिचा पत्ताही त्याच रकान्यात येतो.

आणि एवढ्यात पंखा शांत झाला.

या सगळ्या धंद्याचं मर्म मला इथे दिसतं. मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, म्हणजे टायवर्कर, हा विंडोजचाच भाग. अपडेट बसवतो, जुन्या फायली आवरतो, काम झालं की आपणहून बंद होतो. जुन्या डिस्कवर त्याला तास-दोन तासही लागतात. ठगाला फक्त तेवढा वेळ माणसाला फोनवर धरून ठेवायचं असतं. ‘देखिए सर, व्हायरस निकल गया,’ आणि बिल 6,499 रुपये, वर्षभराच्या सिक्युरिटी प्लॅनचे. यूपीआयवर नाव कंपनीचं नव्हे, कुणा व्यक्तीचं.

अशा वेळी आधी सेटिंग्जमध्ये अपडेट हिस्टरी बघा. ताजं अपडेट दिसलं तर लॅपटॉप चार्जिंगला लावून रात्रभर चालू ठेवा. शंका असेल तर टास्क मॅनेजरमधल्या त्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या: खरा टायवर्कर विंडोज फोल्डरमधल्या विनएसएक्सएस (WinSxS) या फोल्डरमध्ये असतो. डाउनलोड्समध्ये किंवा टेम्पमध्ये सापडला तर मात्र काळजी करा. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

जाताना त्या ठगाने स्क्रीनचं ॲप काढलं नव्हतं. उलट कुणी हजर नसताना आत शिरता येईल असा पासवर्ड लावून ठेवला होता. सोबत एक ‘क्लीनर’, तोही लॅपटॉपसोबत सुरू होणारा आणि सीपीयू खाणारा. नेट तोडून दोन्ही काढली, बँकेचे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले.

पुढे ‘रिफंड’चा फोन आला. कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचेत, पण आधी मशीन तपासू. या वेळी मी शेजारी बसले होते. त्याने ‘सिस्टिम आयडल प्रोसेस 96’ वाचायला लावून व्हायरस परत आल्याचं सांगितलं. तो आकडा म्हणजे रिकामा बसलेला सीपीयू! मी हे फोनवर म्हटलं आणि फोन कट झाला. रिफंडच्या सोंगात तुम्हाला बँकेत लॉगिन करायला लावतात, स्क्रीनवरचा आकडा बदलून ‘चुकून जास्त जमा झाले’ म्हणतात आणि वरची रक्कम परत मागतात. म्हणजे पुन्हा तुमचेच पैसे.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही लेखी कळवलं. पण पैसे गेल्या गेल्या फोन करायला हवा होता. आम्ही केला दुसऱ्या दिवशी, तोवर रक्कम पुढच्या खात्यात गेली होती. ती अजून परत आलेली नाही. बाबांना फोन मात्र येत राहतात, दर वेळी कंपनीचं नाव नवं.