लिनक्स मिंट २२: काही महिने वापरल्यानंतर आणि एकदा वायफाय गेल्यानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. चालता लॅपटॉप भंगारात घालणं मला पटत नाही, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप कसा दिसतो, किती रॅम खातो यावर मी लिहीत नाही. मी लिहितोय ते मदतीबद्दल.

कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि वायफाय गायब. दुकानात उत्तर तयार होतं: कार्ड बदला, नाहीतर नवा लॅपटॉप घ्या. दोन्हीसाठी पैसे घालायची माझी तयारी नव्हती.

मिंट २२ च्या मेनूतच मॅट्रिक्स ही चॅटची सोय आहे, तिथून मदतीच्या रूममध्ये जाता येतं. आधी इतरांचे प्रश्न वाचले. ‘वायफाय चालत नाही, अर्जंट’ असं कुणी लिहिलं की समोरून पहिली मागणी यायची सिस्टीम इन्फर्मेशनची. मला ते कचेरीसारखं वाटलं, आधी कागद आणा मग बोलू. चिडचिड झाली.

आता मत पार बदललंय. मिंटच्या सिस्टीम रिपोर्ट्स ॲपमधलं ते सिस्टीम इन्फर्मेशनचं पान आणि त्यावरचं कॉपीचं बटण ही मला मिंटमधली सगळ्यात मोलाची सोय वाटते. वायफायची चिप कुठली, तिला चालवणारा ड्रायव्हर लागलाय का, कर्नल कुठला, सगळं एका मजकुरात येतं. मजकूरच द्या, मोबाईलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नको! आपल्याकडे व्हॉट्सॲपमुळे ती सवय हाडीमाशी खिळली आहे, पण फोटोतली ओळ समोरच्याला कॉपी करून शोधता येत नाही. नेट नाही म्हणून फोटो काढला, हे कारणही टिकत नाही. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला नेट मिळतं. मी तेच केलं. सिस्टीम मराठीत असेल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) कमांडच्या आधी ‘LC_ALL=C’ जोडा, म्हणजे एरर इंग्रजीत येईल आणि जर्मनीतल्या माणसालाही वाचता येईल.

माझ्या प्रश्नात आणखी एक ओळ होती: ग्रबमधून, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मेनूतून, जुना कर्नल निवडला की वायफाय चालतं. तिनेच काम झालं. उत्तर देणाऱ्याने लगेच ‘dkms status’ ही कमांड चालवायला सांगितली; डीकेएमएस म्हणजे कर्नलबाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधणारं साधन. माझ्या चिपचा ड्रायव्हर बंदिस्त (कंपनीच्या मालकीचा), कर्नलबाहेरचा, त्यामुळे तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि त्या बांधणीला लागणाऱ्या फायलींचं, म्हणजे नव्या कर्नलच्या हेडर्सचं, पॅकेज माझ्याकडे नव्हतं. ते टाकलं, रीस्टार्ट केलं, वायफाय आलं. खर्च शून्य.

एक तक्रार आहे. काही जण नुसती सुडोची (ॲडमिनच्या अधिकाराने चालणारी) कमांड फेकतात, ती काय करते ते सांगत नाहीत. अशा वेळी बिनधास्त विचारा आणि आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर सिस्टीम मागच्या स्थितीत नेता येते. मला प्रत्येक वेळी नीट समजावून सांगितलं गेलं. उत्तराला रात्र उलटू शकते, कारण ही माणसं आपापली नोकरी सांभाळून, फुकट, वेगळ्या घड्याळावर बसलेली असतात. दर दहा मिनिटांनी ‘कुणी आहे का’ लिहू नका. मॅट्रिक्समध्ये संदेश राहतात, सकाळी येऊन बघा.

सगळ्यात राग येतो तो ‘झालं, थँक्स’ लिहून निघून जाणाऱ्यांचा. कशामुळे झालं? माझ्यासारखीच चिप असलेल्या एकाचा प्रश्न असाच अर्धवट संपला होता. म्हणून मी हेडर्सच्या पॅकेजचं पूर्ण नाव, कर्नलची आवृत्ती आणि आधीचं-नंतरचं डीकेएमएस स्टेटस तिथेच लिहून ठेवलं. त्यानंतरच्या कर्नल अपडेटलाही वायफाय टिकलंय.